फुटबॉलची जाळी : पाण्याचा उपसा आणि नदीतले मासे

वणीला, गडाच्या पायथ्याशी, व्याख्यानाला बोलावलं की वक्त्याने सप्तशृंगीवर बोलावं अशी साहजिक अपेक्षा असते. त्यातून वक्ता तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक असेल तर शक्तिपीठं, उपासना, अद्वैत असं काहीतरी कानावर पडणार याची तयारी करूनच माणसं येतात. आज त्यातलं काही नाही. आज आम्ही माशांवर बोलणार आहोत. त्यातही, नदीतून पाणी उपसताना मेलेल्या माशांवर. संयोजकांनी विषय ऐकल्यावर जरा वेळ फोनवर शांतता होती. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला नको. जे ऑनलाइन ऐकत आहेत, मुंबईत किंवा आणखी कुठे बसून, त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीचा जो पाइप नदीत किंवा विहिरीत सोडतात, त्याच्या तळाच्या टोकाला एक झडप असते आणि तिच्याखाली भोकाभोकांची एक टोपली. कंपनीच्या कागदावर तिला फुटव्हॉल्व्ह म्हणतात. शेतकरी फुटबॉल म्हणतो. झडप पाणी मागे पडू देत नाही आणि टोपली काडीकचरा आत येऊ देत नाही. भोकं साधारण बोट जाईल एवढी. काडीकचऱ्याचा विचार करून पाडलेली भोकं आहेत ती. माशाचा विचार करून नव्हे. आजचं सगळं व्याख्यान खरं तर या एका वाक्यावर आहे.

आधी घरची गोष्ट सांगू. आमचं घर उनंदेच्या काठचं. ओझरखेडचं धरण तेव्हा नव्हतं. 1972 चा दुष्काळ पडला आणि 1973 चा उन्हाळा आला, तेव्हा नदी म्हणजे नुसती वाळू आणि धोंडे. आमच्या शेताखाली एक डोह होता, तेवढ्यात पाणी होतं. नदी आटत गेली तसे वरचे-खालचे सगळे जिवंत मासे त्या डोहात येऊन राहिले होते. मरळ होती, वाम होती, शिंगटे होते, खडकाला चिकटणारे मळे होते. आम्ही तेव्हा पुण्याहून सुट्टीला आलो होतो, एम.ए. चालू होतं, डोक्यात कांट होता. घरात नवीन ऑइल इंजिन आलं होतं, पाच हॉर्सपॉवरचं. ते डोहावर बसवलं. तासाभरात फुटबॉलची टोपली शेवाळाने तुंबली. काढली, धुतली, परत लावली, परत तुंबली. मग थोरल्या भावाने विचारलं, ही काढूनच टाकू का? आणि आम्हीच पाण्यात उतरून पाना लावून ती काढली. हे कुणा दुसऱ्याचं कर्तृत्व नाही.

त्यानंतर दांडातून जे आलं ते पाहायला वाडीवरची पोरं जमली. पाण्याबरोबर बोटाएवढे, नखाएवढे मासे येत होते. काही आख्खे, बरेचसे चेचलेले. पोरांनी धोतराच्या फडक्यात गोळा केले. रात्री घरात कालवण झालं आणि आम्हीही जेवलो, उगीच सोवळेपणा कशाला सांगू! तिसऱ्या दिवशी डोहात चिखल उरला. मोठे मासे त्या चिखलात हाताने धरले गेले. ज्या उसासाठी हे केलं तो तरीही वाळलाच. पुढे पाऊस झाला, नदी वाहिली, डोह भरला, पण त्या डोहात वाम काही आम्हाला परत दिसली नाही.

अनेक वर्षं ही आमच्यासाठी दुष्काळाची आठवण होती. माशांची आठवण ती फार उशिरा झाली.

आता इतिहासाकडे वळू, कारण प्रश्न इतिहासाचा आहे. नदीच्या पाण्यावर शेती या भागात काल-परवा सुरू झालेली नाही. मग इंजिन येण्याआधी माणसं पाणी कसं घेत होती आणि त्यात माशाचं काय होत होतं?

तीन-चार पद्धती होत्या. विहिरीवरची मोट सगळ्यांना माहीत आहे. चामड्याची मोट, बैलांची जोडी, धाव. विहिरीतलं पाणी झिरपून आलेलं, त्यात नदीचा मासा येण्याचा संबंध नाही. दुसरी, बुडकी. हा शब्द आता तरुण मुलांना माहीत नसतो. नदीच्या काठाला लागून, दरडीत, खड्डा किंवा छोटी विहीर खणायची. नदीचं पाणी वाळूतून, मुरमातून झिरपून त्यात यायचं आणि तिथून मोटेने उचलायचं. तिसरा, झिरा. कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला खळगा. तिथूनही पाणी येतं ते गाळूनच. या तिन्ही ठिकाणी पाणी आणि मासा यांच्यामध्ये जमीन उभी होती. ती जमीन कुणी माशासाठी उभी केली नव्हती. बैलांच्या ताकदीला आणि मोटेच्या दोराला जे जमत होतं ते केलं, आणि त्यात मासा वाचला.

चौथी पद्धत आपल्या डोंगराच्या पलीकडची. गडाची ही जी रांग आहे तिच्या दक्षिणेचं पाणी कादवेतून गोदावरीला जातं, उत्तरेचं गिरणेतून तापीला. पलीकडे कळवण-बागलाणात, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर आणि पुढे धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत चालत आली, काही शतकं. नदीवर ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून निघणारा कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चाऱ्यांच्या सारंगा आणि शेवटी उरलेलं पाणी बाहेर काढणारं सांडम. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा. कोणत्या फडाला यंदा कोणतं पीक हे गावाने ठरवायचं. फडावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पाण्याच्या न्याय्य वाटपाचा नमुना म्हणून. ते योग्यच आहे. आम्हाला त्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे, ती म्हणजे सांडम. कालव्यात शिरलेल्या माशाला शेवटी नदीकडे जायची वाट होती. पाणी कुठे अडून सडू नये म्हणून ती ठेवली होती. आणि बंधारा इतका ठेंगणा की पुरात तो पाण्याखाली जायचा. मृगाच्या पहिल्या पाण्याला चढणीचे मासे वर निघतात, तेव्हा तो त्यांना अडवून अडवून किती अडवणार?

म्हणजे बघा, जुनी माणसं फार मोठी निसर्गप्रेमी होती असं आमचं म्हणणं अजिबात नाही. तो एक अलीकडचा गोड गैरसमज आहे. ती मासे धरत होती, नदीत विषारी पाला ठेचून टाकत होती, मळई लावत होती. त्यांच्या उपशाची साधनं दुबळी आणि गळकी होती म्हणून मासा सुटला. त्यांच्या हातून जी दया झाली ती हेतू नसताना झाली. आणि पुढे आपल्या हातून जी हानी झाली तीही हेतू नसताना झाली.

बदल कधी झाला? किर्लोस्करवाडी 1910 ची, आणि तिथे सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले ते 1920 च्या दशकात. पण आपल्या गावांत यंत्र सर्रास दिसायला लागलं ते स्वातंत्र्यानंतर, आधी ऑइल इंजिनाच्या रूपात. 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं, वीज मंडळ झालं, तारा खेड्यांत पोहोचल्या आणि इंजिनाची जागा मोटारीने घेतली. मग पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव अशी धरणं आली. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, पावसाळा संपला की फळ्या टाकायच्या, पावसाळ्याआधी काढायच्या. बुडकी बुजली. कारण मोटारीला बुडकी पुरत नाही. मोटार बुडकी अर्ध्या तासात कोरडी करते आणि हवा ओढते. तिला थेट डोह लागतो. फुटबॉल डोहात गेला आणि पाणी व मासा यांच्यामधली जमीन गेली.

हे होत होतं तेव्हा त्या पाण्यात कोण कोण होतं याची नोंद आपल्याकडे आहे का? आहे, आणि तिची एक मजा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स म्हणून एक इंग्रज अधिकारी होते. 1824 साली त्यांना मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. गावं, पिकं, माणसं मोजता मोजता त्यांनी पक्षी आणि मासेही गोळा केले. 1831 साली ते परत गेले आणि त्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवर निबंध मांडला. नव्या जातींना नाव द्यायची वेळ आली तेव्हा या गृहस्थांनी भोयांना, कोळ्यांना विचारलेली मराठी नावं घेतली आणि त्यांनाच लॅटिन झगे चढवले! मळ्याचा झाला मुल्या, खडशीचा खुदरी, शिंगटीचा सीन्गटी, मुरीचा मूरेह, तसेच कोलूस आणि बोग्गट. आजही जगातल्या कुठल्याही संग्रहालयात मुळा-मुठेतल्या महासीरचं शास्त्रीय नाव टॉर खुदरी असंच लिहिलेलं असतं. कुणा दख्खनी भोयाने उच्चारलेला शब्द तिथे बाटलीवर चिकटला आहे. आमच्या नातवंडांना यातला एकही मासा नावाने ओळखता येत नाही. लंडनच्या बाटलीला येतो.

दुसरी नोंद जास्त जवळची, इथून एका सकाळीत जाऊन येता येईल अशा ठिकाणची. नाशिकजवळ देवळालीला दारणा नदी आहे. 1930 च्या दशकात ए. जी. एल. फ्रेझर यांनी तिथले मासे गोळा केले आणि कलकत्त्याचे डॉ. सुंदरलाल होरा यांनी ते अभ्यासले. दारणेतल्या एका पट्टेरी छोट्या माशाला 1935 साली होरांनी फ्रेझरांचं नाव दिलं. आणि 1938 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात होरा आणि मिश्रा यांनी आणखी एक मासा नवीन म्हणून नोंदवला आणि त्याला सोसायटीचे प्रेटर यांचं नाव दिलं. हा बोटभर मासा वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आज अतिसंकटग्रस्त आहे. वाघ त्या यादीत एक पायरी खाली आहे, हे जाता जाता सांगतो. 2020 च्या जानेवारीत आपलं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं तेव्हा त्याच्या नोंदीत याच माशाचा उल्लेख आहे. आपण सगळे तिथे पक्षी बघायला जातो. फ्लेमिंगो आला की पेपरात फोटो येतो. या माशाचा फोटो नाशिकच्या पेपरात आम्ही अजून पाहिलेला नाही.

त्याच्या संकटाला मोटार एकटी कारण आहे असं कुणी समजू नये. वाळू उपसली, सांडपाणी सोडलं, बाहेरचे मासे आले. मोटार त्यातलं एक कारण आहे. पण आज आम्ही तिच्याबद्दल बोलतोय, कारण बाकीच्या कारणांना निदान गुन्हेगार मिळतो. वाळूला वाळूमाफिया आहे. सांडपाण्याला कारखाना आहे, नगरपालिका आहे. मोटारीला गुन्हेगार नाही. का नाही?

इथे कायद्याचा इतिहास बघावा लागतो. गंमत म्हणजे बंधाऱ्यांमुळे माशांचं नुकसान होईल ही शंका पहिल्यांदा वरपर्यंत नेणाऱ्यांत सर आर्थर कॉटन होते. ज्यांनी गोदावरीवर दवलेश्वरमचा प्रचंड बंधारा बांधला तेच. 1867 साली त्यांनी विचारलं की माशांना वाट न ठेवता नद्यांवर बंधारे घातले तर मच्छीमारीचं काय होईल? त्यातून डॉ. फ्रान्सिस डे यांच्याकडे चौकशी आली, आणि 1873 साली त्यांचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांवरचा अहवाल छापला गेला. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, 1897 साली, भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला.

त्या कायद्यात काय आहे? सुरुंग लावून मासे मारू नयेत. पाण्यात विष घालू नये. आणि सरकार नियम करू शकेल, जाळ्याच्या आसाचे, बंदीच्या हंगामाचे आणि पात्रात कायम रोवलेल्या साधनांचे. आता या रोवलेल्या साधनाची व्याख्या नीट वाचा. जाळं, पिंजरा, सापळा किंवा मासे धरण्यासाठीची इतर युक्ती, जी जमिनीत रोवलेली किंवा एका जागी स्थिर केलेली आहे. मासे धरण्यासाठीची. हे दोन शब्द आले आणि मोटार सुटली. मोटार नदीत रोवलेली आहे, स्थिर आहे, मासे मारते. पण ती मासे धरण्यासाठी नाही. भोयाचं जाळं कायद्याला दिसतं, कारण भोयाला मासा हवा आहे. आमच्या भावाचा पाइप दिसत नाही, कारण त्याला पाणी हवं आहे.

1897 ला मोटारी कुठे होत्या, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण कालवे होते, आणि कालव्याच्या तोंडाशी मासा आत ओढला जातो हे साहेबाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या स्वतःच्या देशात 1861 च्या साल्मन कायद्यात तरतूद आहे की शहरांना पाणी पुरवण्यासाठी नदीतून जे कृत्रिम प्रवाह काढले असतील त्यात साल्मन किंवा त्याची पिलं शिरत असतील तर तोंडाशी गज किंवा जाळी बसवावी आणि ती नीट ठेवावी. म्हणजे हेतू नसलेल्या हानीची जबाबदारी इंग्लंडमध्ये 36 वर्षं आधी मान्य झाली होती. इथे कायदा करताना ते कलम आलं नाही. साल्मनवर लॉर्डांचे गळ लागत होते, मळ्यावर भोयाचं पोट होतं. यापेक्षा जास्त कारणमीमांसा आम्हाला सुचत नाही. आणि साहेब गेल्यावर आपण तरी कुठे ते कलम घातलं? नदीतून पाणी उचलायची परवानगी देताना क्षेत्र बघतात, पीक बघतात, मोटारीची ताकद बघतात, पाणीपट्टी लावतात. पाइपच्या टोकाला काय आहे हे विचारत नाहीत.

आपल्या रूढींचीही हीच गत आहे. कोकणात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचा डोह. तिथल्या महासीरला कुणी हात लावत नाही. वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणेत तसंच. फार सुंदर गोष्ट आहे ही, आणि सरकारी अभयारण्यांपेक्षा जुनी. पण देवाची आण कुणाला आहे? मासे धरणाऱ्याला. वरच्या अंगाला कुणी उपसा करून डोहाचं पाणीच कमी केलं तर आण मोडली असं रूढी म्हणत नाही. रूढीलाही फक्त गळ दिसतो.

आता आमच्या विषयातलं थोडं ऐका, मग परत शेतात जाऊ. हेतू नसताना झालेली हिंसा ही हिंसा की नाही, हा वाद आपल्याकडे अडीच हजार वर्षं जुना आहे. बौद्ध म्हणाले, कर्म म्हणजे चेतना, मनातला हेतू. जैन म्हणाले, शरीराने जे घडलं ते घडलं. मज्झिम निकायात उपाली नावाच्या गृहस्थाची कथा आहे, त्यात हाच वाद आहे, मनाचा दंड मोठा की कायेचा. पुढे उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली तेव्हा त्यांनी फार नेमका शब्द निवडला, प्रमाद. गाफीलपणे, बेफिकिरीने वागल्यामुळे प्राण जाणं म्हणजे हिंसा. मारायचा हेतू होता का, हा प्रश्न तिथे दुय्यम होतो. काळजी घेतली होती का, हा मुख्य होतो.

आणि यातून जैनांच्या घरात एक साधा विधी आला. पाणी फडक्यातून गाळायचं. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. फडक्यात जे जीव राहिले त्यांना जिवाणी म्हणतात. त्या फडक्यावर पाणी घालून ती जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी होतं त्याच विहिरीत, अलगद परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कालव्यांच्या तोंडाशी कोट्यवधी खर्चून जी व्यवस्था करतात, की आधी जाळी आणि जाळीपाशी अडलेल्या माशाला नदीत परत नेणारी बगल-वाट, ती तत्त्वतः एवढीच आहे. मांगीतुंगीच्या वाटेवरच्या कुठल्याही जैन आजीला ती समजावून सांगावी लागणार नाही.

आणि बौद्ध, जे हेतूला प्रधान मानत होते, त्यांचं काय? भिक्षूजवळ ज्या आठ वस्तू असाव्यात त्यात पाण्याची गाळणी आहे! चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि गाळणी. नाशिकला त्रिरश्मी लेण्यांत पाण्याची टाकी कोरलेली आहेत, शिलालेखात त्यांना पोढी म्हटलं आहे. त्या टाक्यांवर पाणी भरायला येणाऱ्या भिक्षूंनाही हाच नियम होता. आम्ही वर्गात हे शिकवताना म्हणायचो की वाद तत्त्वात राहिला, गाळणीवर दोघांचं एकमत झालं. कारण एकदा कळलं की पाण्यात जीव आहेत, की मग 'माझा हेतू नव्हता' हे म्हणता येत नाही. 1973 च्या पहिल्या तासात आम्हाला ते म्हणता आलं असतं. दांडात मासे पाहिल्यानंतर इंजिन चालूच ठेवलं, तेव्हा नाही.

बरं, आता आजचं बघू. मोटार कधी चालते? आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात होते. त्यानंतर नवी फूट येते, काडी तयार होते. ऐन मे महिन्यात बागेला पाणी लागतंच. नेमकी तेव्हाच नदी डोहाडोहांत तुटलेली असते. ज्या माशांनी जूनमध्ये अंडी घालायची ते याच डोहात जीव धरून असतात. तेव्हा मे महिन्यात डोह उपसला की पुढच्या पिढीचे आईबाप गेले. मग पावसाळ्यात जी काही पिलं होतात ती ऑक्टोबरात बंधाऱ्याच्या फळ्या पडल्यावर अडलेल्या पाण्यात असतात, आणि तेव्हा गोडी छाटणीच्या मोटारी सुरू होतात. ही पिलं पाइपात जातात. म्हणजे एका वर्षात दोनदा, दोन वेगळ्या तऱ्हेने. आणि शेततळं भरायचं असेल तर मोटार तासावर नाही, दिवसावर चालते.

कालव्याची तऱ्हा तिसरी. धरणाच्या विमोचकातून आवर्तनाबरोबर मासा कालव्यात येतो. तिथे जी जाळी असते ती ओंडके, झुडपं अडवण्यासाठी. तिच्या गजांमधून शेरभर मासाही सहज जाईल. आवर्तन संपलं, दरवाजा बंद केला की कालवा ओसरतो. पाटात पोरं पाटी घेऊन मासे वेचताना तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. आम्हाला ते दृश्य फार आनंदाचं वाटायचं. कालव्याला सांडम नाही, परत जायची वाट नाही, हे तेव्हा डोक्यात येत नाही.

यावर लोक म्हणतात, मासे कमी कुठे झाले? धरणात हंगामाला भरपूर निघतात. निघतात ना! कटला, रोहू, मृगळ. गंगेच्या खोऱ्यातले मासे, दरवर्षी बीज आणून सोडलेले. त्यावर संस्थांची पोटं आहेत आणि आमची त्याला हरकत नाही. पण ते आपल्या वहीतलं जमेचं पान आहे. खर्चाचं पान वेगळं आहे आणि ते कुणी लिहीत नाही. बीज सोडलेला मासा परत विकत आणता येतो. दारणेतला तो बोटभर मासा कुठल्या हॅचरीत मिळत नाही.

मग करायचं काय? द्राक्षं तोडा असं आम्ही म्हणणार नाही. या गावात म्हटलं तर परत जाता यायचं नाही, आणि म्हणणं खरंही नाही. प्रश्न वेगाचा आहे. साधा हिशेब करू. सेकंदाला 10 लिटर पाणी 3 इंची पाइपातून ओढलं तर पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या वर जातो. बोटभर पिलाची पोहण्याची ताकद सेकंदाला काही सेंटिमीटरांची, फार तर वीतभर. ते सुटणार कसं? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर साल्मनच्या पिलांसाठी जे निकष आहेत त्यात जाळीकडे येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला 0.4 फूट, म्हणजे सुमारे 12 सेंटिमीटर, यापेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे, आणि गोल छिद्र अडीच मिलिमीटरच्या आत असावं. आपले मासे साल्मन नाहीत, पण सुरुवातीला हा आकडा धरू. 10 लिटरला 12 सेंटिमीटरचा वेग ठेवायचा तर जाळीचं क्षेत्र किती हवं? जेमतेम एक चौरस फूट. दीड फूट लांब, रुंद, उंच असा पिंजरा फुटबॉलभोवती केला तर तळ सोडून पाच बाजू मिळून 11 चौरस फुटांच्या वर जाळी मिळते. निम्मी तुंबली, नव्हे बहुतेक तुंबली, तरी वेग मर्यादेत राहतो. आणि तुंबतेही कमी, कारण पाणी हळू येतं तेव्हा शेवाळ जाळीवर आवळून बसत नाही. 1973 साली आमच्या टोपलीचा दोष ती टोपली होती हा नव्हता. ती फार लहान होती.

जिथे पात्रात वाळू शिल्लक आहे तिथे बुडकी परत करता येते, जरा मोठी, सिमेंटच्या कड्यांची. गाळलेलं पाणी येतं, ठिबकच्या फिल्टरचाही त्रास कमी होतो. पण त्यासाठी वाळू पात्रात राहू द्यावी लागेल. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोललं की वाद होतात.

डोहाचा प्रश्न मात्र जाळीने सुटत नाही. जाळी लावून डोह कोरडा केला तर मासा जाळीबाहेर चिखलात मरेल, एवढाच फरक. तिथे एक रेघ ठरवावी लागते की यापुढे फुटबॉल खाली सोडायचा नाही. ही रेघ पोलीस आखू शकत नाहीत. पण ज्या तालुक्यांत ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि वाघाडवर शेतकऱ्यांनी मोजून पाणी घेऊन दाखवलं, त्या दिंडोरी-निफाडमध्ये ही रेघ आखता येणार नाही असं आम्हाला वाटत नाही. 2005 च्या कायद्याने या संस्थांना पाण्याचे हक्क दिले आहेत. त्यांच्या ठरावाच्या वहीत मासा हा शब्द यायला काही अडचण नाही. आवर्तन संपताना दरवाजा एकदम न पाडता दोन दिवसांत हळूहळू बंद करणं, हेही ठरावातच बसतं. त्याला पैसा लागत नाही.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे. विचारलं आहे, सर, तुमच्या घरच्या मोटारीला पिंजरा आहे का?

आहे. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी वणीतच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. सळईचा सांगाडा आणि त्यावर स्टीलची बारीक जाळी. पहिली जाळी प्लास्टिकची लावली होती, ती खेकड्यांनी कुरतडली. पावसाळ्यात पुराच्या आधी वर काढावा लागतो, एकदा विसरला आणि वाहून गेला, तो पुलापाशी सापडला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन दिवसांआड ब्रश मारावा लागतो. पुतण्या कुरकुर करतो. पाणी कमी येतं का असं विचाराल, तर त्याने मोजून पाहिलं, टाकी भरायला तेवढाच वेळ लागतो. मे महिन्यात डोहात किती पाणी ठेवायचं यावर आमचं आणि त्याचं अजून एकमत झालेलं नाही. तो गुडघाभर म्हणतो, आम्ही कमरेभर म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात मांडीपर्यंत ठेवलं होतं.